वडीगोद्रीचा थांबा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही बीडहून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, निघालो होतो. गाडी मेहुण्याची आणि चालवणाराही तोच. शहागडला गोदावरी ओलांडली आणि मागच्या चाकातून टक्‌टक्‌ आवाज येऊ लागला.

"थांबून पाहायचे का?" मी विचारले.

"दाजी, तुम्ही कवितेतल्या मात्रा मोजा. चाकाचं मी बघतो!"

सौ.नेही घड्याळ दाखवले. पूजा गाठायची होती. मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रातले मला ओ की ठो कळत नाही. पण त्या क्षणी मला टोनी ब्रुक्स आठवला.

हा इंग्रज दंतवैद्यकाचा विद्यार्थी. मोटारींच्या शर्यती ही त्याची हौस. १९५५ साली परीक्षेची पुस्तके घेऊन तो सिसिलीला गेला आणि सिराक्यूजची ग्रां प्री जिंकून आला! इंग्रजाने इंग्रजी मोटारीत अशी शर्यत जिंकल्याला तेव्हा तीसेक वर्षे लोटली होती. पुढे १९५६ साली सिल्व्हरस्टोनला आणि १९५७ साली ल मां येथे बिघडलेल्या मोटारींनी त्याला यमाचे दार दाखवले. मग त्याने मनाशी ठरवले, शंका असलेली मोटार पळवायची नाही.

१९५९ च्या डिसेंबरात, अमेरिकेत सेब्रिंगला, या निश्चयाची कसोटी लागली. जगज्जेतेपदासाठी तिघांत चुरस होती आणि त्यांत ब्रुक्स एक. पहिल्याच फेरीत त्याच्याच संघातली मोटार त्याच्यावर आदळली. ब्रुक्सने सरळ थांबून मोटार तपासून घेतली. दोनएक मिनिटे गेली. मोटार ठणठणीत निघाली! तो तिसरा आला आणि ब्रॅबहॅम जगज्जेता झाला. त्या काळी कितीतरी शर्यतपटू भर तारुण्यात गेले. ब्रुक्स मात्र २०२२ साली, नव्वदाव्या वर्षी वारला.

"वडीगोद्रीला थांबव," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा.

फाट्यावरचा मेकॅनिक दुकानाच्या पूजेत गुंतला होता. पाऊण तासाने त्याने चाक पाहिले आणि टायरच्या खाचेतून एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. पैसेही घेतले नाहीत.

आम्ही पोहोचलो तेव्हा पूजा आटोपली होती. मेहुण्याने तो खडा घरभर मिरवला. सगळे हसले, मीही हसलो.

भाऊबीजेनंतर परत निघताना मात्र त्याने वाकून चारही चाके पाहिली. माझे लक्ष नव्हते, असे त्याला अजून वाटते.