रेसकोर्सवर एक दुपार : पैसे वसूल होतात का?

रेसकोर्स म्हटले की आपल्यासमोर दोन चित्रे उभी राहतात. एक सिनेमातले : दुर्बिणी, झुळझुळीत साड्या आणि थंड पेयांचे पेले. दुसरे आपल्याच गल्लीतले : ‘घोड्यांच्या नादी लागून बुडाला’ असे ज्याच्याविषयी हलक्या आवाजात बोलले जाते तो गृहस्थ. ही दोन्ही चित्रे मला ठाऊक होती. रेसकोर्स मात्र मी पाहिले नव्हते.

आंबेगाव तालुक्यातील आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुण्यात मी मामांकडे राहतो. मामा रिक्षा चालवतात. जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत पुण्यात शर्यतींचा हंगाम असतो आणि त्या काळात शर्यतीच्या दिवशी मामांची रिक्षा दुपारी रस्त्यावर नसते. २०२५ च्या ऑगस्टमधील एका रविवारी मामी मला म्हणाल्या, “तू शिकतोयस, तुला हिशेब कळतो. एकदा यांच्याबरोबर जा आणि पैसे जातात कुठे ते बघून ये.” मी वही-पेन घेऊन निघालो. हा लेख म्हणजे त्या वहीचेच फळ आहे.

एम्प्रेस गार्डनजवळचे, लष्कराच्या जमिनीवर वसलेले हे रेसकोर्स १८३० पासूनचे आहे. आत पाऊल टाकताच पावसाने धुतलेली हिरवळ दिसली आणि शहरात एवढे मोकळे आकाश आहे हे मला पहिल्यांदाच कळले. शर्यतीपूर्वी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवतात. मोतद्दार लगाम धरून शेजारून चालतो. घोड्याच्या अंगावरची तुकतुकी पाहून तो पहाटेपासून खरारा करत असणार हे कोणाही शेतकऱ्याच्या पोराला कळावे. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते, त्यामुळे पळणारा घोडा मला नवा नव्हता. पण आठ-दहा घोडे ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने वळणावरून येतात तेव्हा आधी जमीन हादरते आणि मग आवाज ऐकू येतो. तेवढ्यासाठी गेटचे तिकीट काढले असते तरी मी ते महाग म्हटले नसते.

मग हिशेबाला बसलो. त्या दिवशी सात शर्यती होत्या. बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आत संपते, सोळाशे मीटरची पावणेदोन मिनिटांत. सातही शर्यतींची बेरीज केली तर प्रत्यक्ष घोडे पळाले ते जेमतेम दहा मिनिटे! बाकीचे साडेतीन तास माणसे काय करत होती? पुस्तकात डोके घालून बसली होती, भाव विचारत होती आणि खिडकीसमोर रांगेत उभी होती. पॅडॉकच्या कठड्याशी गर्दी असे ती घोड्याचे रूप पाहण्यासाठी कमी आणि आपला पैसा त्याच्यावर लावावा की नाही हे ठरवण्यासाठी अधिक. शर्यत सुरू झाली की ओरडाही नावाचा नसतो, ‘सहा नंबर! सहा नंबर!’ असा आकड्यांचा असतो. आमच्या घाटात बैलाचे नाव घेतात, मालकाचे नाव घेतात. हा फरक मला बोचला.

माझ्या वहीत मामांची नोंद अशी आहे : खिडकीवर लावले ९०० रुपये, परत आले ३८०. रविवार दुपारची रिक्षाची बुडालेली कमाई, मामांच्याच अंदाजाने, ६०० रुपये. म्हणजे ११२० रुपयांची खोट. गेट, शर्यतीचे पुस्तक आणि चहा-वडापाव यांचा खर्च या आकड्यांशेजारी किरकोळ दिसत होता. गंमत अशी की ज्या गोष्टींनी आनंद दिला त्या सर्व या किरकोळ खर्चातच येत होत्या.

आता पैजेच्या खिडकीमागे काय घडते ते पाहू. तिला टोट म्हणतात. एका शर्यतीवर लागलेले सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात. त्यातून क्लबचा वाटा आणि सरकारचा कर जातो. उरलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणजे मामा जिंकतात ते क्लबकडून नव्हे, त्यांच्याच शेजारी बाकावर बसलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मामाकडून! शिवाय कर जिंकलेल्या पैशावर नव्हे तर पैजेच्या संपूर्ण रकमेवर मोजतात. आम्ही गेलो तेव्हा तो २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. गल्ल्यातून एवढे निघून गेल्यावर सर्व पैजवाल्यांनी मिळून हरणे हे गणितानेच ठरलेले आहे. घोडे बिचारे नंतर पळतात.

यावर जाणकार म्हणतील, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटले आहे, जुगार नव्हे. मान्य. त्या दिवशी मी ते कौशल्य डोळ्यांनी पाहिले. सातवीत शाळा सुटलेले माझे मामा इंग्रजी आकड्यांनी गच्च भरलेले ते पुस्तक झरझर वाचत होते. घोड्याचा बाप कोण, आई कोण, ओल्या जमिनीवर तो कसा पळतो, जॉकी कोण, सारे तोंडपाठ. मला, बी. ए.च्या वर्गात बसणाऱ्याला, त्या पुस्तकाचे एक पान धड लागले नाही. परंतु बहुतेक शर्यतींत चांगल्या घोड्यावर जास्त वजन देतात, म्हणजे जॉकी आणि खोगिराचे वजन कमी भरले तर वर शिसे घालतात. हेतू हा की सर्वांनी जवळजवळ बरोबरीने यावे. थोडक्यात, मामा ज्या फरकाचा अभ्यास करतात तो फरक पुसून टाकण्यासाठी तिथे एक जाणकार माणूस नेमलेला असतो. कौशल्य आहे हे खरे. पण त्या कौशल्याला एवढ्या कपातीवर मात करून नफा काढायचा आहे, हेही तितकेच खरे.

संध्याकाळी घरी परतताना मी रिक्षात मागे बसून हा सगळा हिशेब मामांना वाचून दाखवला. ते रागावतील असे वाटले होते. सिग्नलला रिक्षा थांबवून ते म्हणाले, “बरोबर आहे रे तुझं. पण दिवसभर मला सगळे ‘ए रिक्षा’ म्हणतात. तिथं लोक विचारतात, काय मामा, पाचवीला कोण?”

मी वही मिटली. त्या प्रश्नाचा रकाना माझ्या वहीत नव्हता. खरोखरच दुपारभर चार-पाच माणसे मामांना विचारून गेली होती. त्यांत एक सुटाबुटातले गृहस्थही होते. ज्याला शाळेने सातवीत सोडले त्याच्या बुद्धीला विचारणारी जागा शहरात एवढी एकच निघावी, आणि तिचे भाडे त्याने मामीच्या घरखर्चातून भरावे, याचा दोष मी एकट्या घोड्यांना कसा देऊ?

मित्रहो, रेसकोर्स बंद करा असे मी म्हणत नाही. मोतद्दारापासून जॉकीपर्यंत अनेकांची चूल त्यावर पेटते, आणि ते घोडे पाहण्यासारखे आहेत. माझे म्हणणे एवढेच की रेसकोर्स ही पैसे मिळवण्याची नव्हे, खर्च करण्याची जागा आहे हे आधीच मान्य करून आत जावे. सिनेमाला जाताना तिकिटाचे पैसे परत येतील अशी आशा कोणी धरत नाही. दुसरे असे की प्रत्येक खिडकीवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे : तुमच्या शंभर रुपयांतून एवढे क्लबला, एवढे सरकारला जातात. पाकिटावर किंमत छापल्याशिवाय बिस्किटे विकता येत नाहीत, मग आशा तरी का विकावी?

मामा अजून जातात. मात्र आता ते घरून दोनशे रुपये वेगळे काढून नेतात आणि उरलेले पैसे मामींकडे ठेवतात. हंगामाच्या शेवटी ते मामींनाही एकदा घेऊन गेले. मामींनी एकही पैज लावली नाही. पॅडॉकच्या कठड्याशी उभ्या राहून त्यांनी सगळे घोडे पाहिले आणि एका तांबूस घोडीच्या मोतद्दाराला विचारले, “हिचं नाव काय?”

— द्वितीय वर्ष, कला