घरपट्टीचं बिल वरून वाचावं

घरपट्टीचं बिल हातात पडलं की नजर थेट तळाच्या आकड्यावर जाते. वरचा तक्ता कोणी वाचत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते: सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष उपकर. शिक्षण उपकराची ओळही त्यातच. राज्याचा तो उपकर महापालिका गोळा करते आणि सरकारच्या तिजोरीत भरते.

आकारणी शहरागणिक बदलते. मुंबईत 2010 पासून घराचं भांडवली मूल्य धरतात आणि 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना कर माफ आहे. पुण्यात अपेक्षित वार्षिक भाड्यावरून करपात्र रक्कम ठरते. म्हणजे जो घर भाड्याने देतच नाही, त्याचाही हिशेब भाड्याचाच! अशा स्वतः राहणाऱ्यांना 40 टक्के सवलत मिळते. 2023 मध्ये ती पुन्हा लागू झाली, तेव्हा अनेकांना पीटी-3 अर्ज आणि पुरावे द्यावे लागले. हक्काच्या सवलतीसाठी नागरिकाने खेटे का घालावेत?

एक गैरसमज मात्र महागात पडतो. पावती नावावर असली म्हणून घर नावावर होत नाही. गावच्या नमुना आठचंही तेच. घर घेणाऱ्याने नोंदणीकृत खरेदीखत आणि मिळकत पत्रिका तपासलीच पाहिजे.