गंजावर जगणारे जंतु

श्वास म्हटला कीं नाक, फुप्फुसें आणि हवा हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु श्वसनाचें खरें काम पेशीच्या आंत चालतें. अन्नांतून निघालेले इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युत्कण, स्वीकारणारा कोणी नसेल तर हें श्वसन अडतें. आपल्या शरीरांत ते प्राणवायु स्वीकारतो. आणि त्याच्यापर्यंत ते पोंचविण्याच्या कामांत सायटोक्रोम नांवाच्या प्रथिनांचा मोठा वांटा असतो. रक्तास तांबडेपणा देणारें जें लोहयुक्त हीम, त्याच कुळांतील द्रव्य ह्या प्रथिनांच्या पोटीं असतें. विहिरीवर रांगेनें उभें राहून घागरी हातोहात द्याव्या, तसे विद्युत्कण एका हीमाकडून दुसऱ्याकडे जातात. केंब्रिज येथें डेव्हिड कीलिन ह्यांनीं १९२५ सालीं सायटोक्रोम हें नांव दिलें, तेव्हां कीटकांच्या स्नायूंत, यीस्टमध्यें आणि जंतूंतहि त्यांस त्याच्या खुणा आढळल्या होत्या.

पण जेथें हवाच पोंचत नाहीं अशा खोल चिखलांतील जंतूनें काय करावें? अमेरिकेंतील पोटोमॅक नदीच्या गाळांतून मिळालेल्या एका जंतूचें वर्णन १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याला पुढें जिओबॅक्टर हें नांव पडलें. हा जंतु लोहाच्या गंजावर श्वास घेतो! गंज कांहीं विरघळून पेशींत शिरत नाहीं. म्हणून सायटोक्रोमांची रांगच पेशीच्या बाहेर येते. ह्या जंतूच्या अंगांतून निघणारे कांहीं तंतु म्हणजे सायटोक्रोमांची माळच होय, आणि तिच्या प्रत्येक मण्यांत सहा हीम असतात, असें २०१९ सालीं दिसून आलें.

एवढीच गोष्ट असती तर आम्ही ती कौतुकानें सांगून थांबलों असतों. परंतु पश्चिम बंगाल व बांगलादेश येथें तिचें दुसरें रूप दिसलें. तळ्यांच्या दूषित पाण्यानें होणाऱ्या पटकी-अतिसारापासून लेंकरें वांचावीं म्हणून तेथें १९७० नंतर लाखों हातपंप बसले. पाणी नितळ होतें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत लोकांच्या अंगावर काळे डाग व तळहातां-तळपायांवर कठीण गांठी दिसूं लागल्या. ती सोमलाची बाधा ठरली. हिमालयांतून आलेल्या गाळांत वाळूच्या कणांवर गंजाचा लेप असतो व सोमल त्यास चिकटून राहतो. जंतूंनीं गंजास विद्युत्कण दिले कीं लोह विरघळतें आणि सोमल मोकळा होतो. मँचेस्टरच्या संशोधकांनीं पश्चिम बंगालचा गाळ हवेवांचून ठेवून जंतूंस अन्न घातलें, तेव्हां आधीं लोह व मागाहून सोमल पाण्यांत उतरला. हें त्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें.

सोमलयुक्त पाण्यास रंग, वास, रुचि कांहींच नसते. जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलेली मर्यादा लिटरमागें केवळ १० मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, सोमल जात नाहीं. उलट पाणी आटेल तसा तो दाटतो. बांगलादेशांत म्हणून पंप तपासून निर्धोक पंपांस हिरवा व विषारी पंपांस तांबडा रंग देण्यांत आला. अक्षरओळख नसलेल्या गृहिणीसहि समजेल अशी प्रयोगशाळेची ही भाषा आम्हांस फार आवडली. मात्र उन्हापावसानें रंग उडतो, आणि नवा पंप बसला कीं त्याचें पाणी पुन्हां तपासावें लागतें.