वही मालकाची, भुर्दंड मजुराला



बँकेच्या काउंटरवर बसून आमची वीस वर्षे गेली. पासबुक हरवले म्हणून ओशाळून येणारा खातेदार आम्हाला नवा नाही. त्याच्याकडून अर्ज घेतो, किरकोळ शुल्क घेतो आणि दुसरे पासबुक देतो. पासबुक गेले म्हणून ठेव बुडाली, असे कोणी म्हणत नाही. मूळ हिशेब बँकेच्या वहीत असतो आणि ती वही सांभाळणे हे बँकेचे काम आहे.

हा साधा न्याय आपल्या इंदूरच्या शेजारी झाबुआ, अलीराजपूर आणि धार जिल्ह्यांतील आदिवासी मजुरांच्या वाट्याला आला नाही. धार म्हटले की आपल्याला पवारांचे संस्थान आठवते. त्याच जिल्ह्यातली तरुण माणसे दुष्काळाच्या वर्षांत पोटासाठी गुजरातेत गोधरा, बालासिनोरकडे गेली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तिथे गारगोटीचा दगड दळून भुकटी करण्याचे कारखाने होते. ही भुकटी काच आणि चिनी मातीच्या उद्योगाला लागते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखे घट्ट होत जाते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. त्याला औषध नाही. काम सोडून गावी परतले तरी तो वाढतच राहतो. पुष्कळांवर तर क्षय समजूनच उपचार झाले.

हे प्रकरण 2006 च्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयापुढे आले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 च्या नोव्हेंबरमध्ये शिफारस केली, की मृत्यू पावलेल्या 238 मजुरांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत आणि आजारी असलेल्या 304 जणांचे पुनर्वसन मध्य प्रदेश सरकारने करावे. तरीही पैशासाठी न्यायालयाला 4 मे 2016 रोजी पुन्हा आदेश द्यावा लागला.

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेब मांडतो. 238 गुणिले 3 लाख म्हणजे 7 कोटी 14 लाख. एखाद्या राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधावी लागेल. मधली साडेपाच वर्षे आठ टक्के चक्रवाढ व्याज धरले, तर 3 लाखांचे साडेचार लाखांवर होतात. आपल्या कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर दंड लागतो. विधवेची रक्कम वर्षानुवर्षे अडली, तर तिला कोणी व्याज देते का?

कायदा नव्हता, असे म्हणता येणार नाही. कामगार भरपाईचा कायदा 1923 चा. कारखान्यांसाठी 1948 चा आणि खाणींसाठी 1952 चा कायदा होता. सिलिकोसिसचा रुग्ण आढळला तर सरकारला कळवणे त्यांत बंधनकारक होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. व्यावसायिक रोगाची भरपाई त्यांतही आहे. मग अडते कुठे? ते कागदावर अडते. अमुक कारखान्यात, अमुक खाणीत तू काम केलेस याचा पुरावा आण, असे मजुराला सांगितले जाते. हजेरीपट मालकाने ठेवायचा, पगाराची पावती मालकाने द्यायची. त्याने दोन्ही टाळले, मजूर ठेकेदाराकरवी आणला आणि नाव कुठे लिहिलेच नाही. आता त्याच कोऱ्या वहीचा फायदा त्यालाच मिळतो. बँकेने लेजर जाळावे आणि खातेदाराला सांगावे की तुमची ठेव आमच्याकडे नव्हतीच, असा हा प्रकार आहे.

हे सुधारता येते. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींतील मजुरांचे असेच हाल होते. त्या राज्याने 2019 मध्ये धोरण आखले. वैद्यकीय मंडळाने रोग प्रमाणित केला की 3 लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख रुपये देण्याचे ठरले. तिथेही दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात, पण निदान मालकाच्या मागे पळत राहण्याची वेळ येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये भरपाईवर देखरेख ठेवण्याचे काम मानवाधिकार आयोगाकडे आणि अशा उद्योगांच्या परिणामांवर लक्ष ठेवण्याचे काम राष्ट्रीय हरित लवादाकडे सोपवले. देखरेख होईल तेव्हा होईल. आमच्या मागण्या तीन आहेत. हजेरीपट नसेल तर मजुराचा शब्द आणि गावकऱ्यांची साक्ष खरी धरावी, आणि ती खोटी असल्याचे मालकाने सिद्ध करावे. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला ‘काम कोणते केले?’ हा प्रश्न जिल्हा रुग्णालयात विचारून त्याची नोंद व्हावी. आणि विलंबाच्या प्रत्येक महिन्याला व्याज मिळावे.

आता थोडे आपल्याविषयी. पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेला आपला समाज कचेऱ्या, न्यायालये, बँका आणि दवाखाने यांतून वाढला. कागद कसा लिहावा आणि कोणत्या टेबलावर द्यावा, हे आपल्या घरांतल्या निवृत्त माणसांना चांगले कळते. गणेशोत्सवात आपण वर्गणीचा पैन् पैचा हिशेब ठेवतो. महिन्यातून दोन दुपारी मंडळाच्या सभागृहात निवृत्त बँकवाले, वकील आणि डॉक्टर बसले, तर अशा कुटुंबांचे अर्ज, वारसाचे दाखले आणि खाते उघडण्याची कामे मार्गी लागतील. पुढच्या मासिक सभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारालाही वरील तीन मागण्यांवर उत्तर विचारू या.

आपल्या घरातली काचेची बरणी आणि चिनी मातीची कपबशी कोणाच्या तरी श्वासाच्या मोलाने स्वस्त मिळाली असेल. ती बाकी कोणाच्या नावावर आहे, ते आपणच ठरवावे.