गेम चालतो, निवेदन अडते

विंडोज १० या कार्यप्रणालीची, म्हणजे संगणकाचे सुटे भाग आणि त्यावरील प्रोग्राम यांना जोडणाऱ्या मूळ व्यवस्थेची, नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागत असल्याने बीड-अंबाजोगाईतील धडधाकट संगणकही भंगारात काढण्याचा सल्ला दुकानांतून अजून दिला जातो. लिनक्स ही मुक्त, फुकट कार्यप्रणाली सुचवताच ‘पोरांचे गेम चालत नाहीत’ हे ठरलेले उत्तर मिळते, आणि ते निम्मेच खरे आहे.

‘स्टीम’ हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली प्रोटॉन आणले. विंडोजसाठी लिहिलेला गेम ज्या आज्ञा देतो त्या लिनक्सला कळतील अशा रूपात वळवणारा हा मधला थर आहे. फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणेमुळे व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट अडतात, फार जुने ग्राफिक्स कार्डही दगा देते, पण एकट्याने खेळायचे पुष्कळ गेम चालतात.

आता लिनक्स टाकलेल्या याच संगणकावरील मराठीकडे पाहावे. कृतीदेवसारखे जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढवतात, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर तहसीलदारांना लिहिलेले निवेदन इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढिगारा होते. श्रीलिपी हे मराठी टंकलेखनाचे पुण्याचे सॉफ्टवेअर विंडोजच्याच अंगणात वाढले, आणि टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बसलेली बोटे लिनक्समध्ये तयार असलेल्या इनस्क्रिप्ट कळपटाला सहजासहजी वळत नाहीत. अमेरिकेतील गेमविक्या कंपनीने परक्या खेळांसाठी एवढा खटाटोप केला, तेवढा मराठी दस्तऐवजांसाठी ना शासनाने केला ना बाजाराने. केरळने शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, तर महाराष्ट्रातील एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाने आपल्या पिढ्यांना विंडोज म्हणजेच संगणक असे शिकवले.

म्हणून बदल करणाऱ्याने प्रथम लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि प्रिंटर तपासावेत, आणि कृतीदेवमधील फायली विंडोज पुसण्याआधीच युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणाव्यात. हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने केलेली जोडाक्षरे मात्र डोळ्यांनीच तपासावी लागतात.