कोरड्या हंगामाचं कौतुक

माझ्या लॅपटॉपवर मालदीवच्या सहलीची एक एक्सेल शीट आहे. महिना, विमानाचं भाडं, गेस्टहाऊसचा दर, माझी शिल्लक रजा आणि पाऊस असे पाच कॉलम. पावसाच्या कॉलममध्ये दोनच नोंदी, हो किंवा नाही. ‘नाही’वर फिल्टर लावला की डिसेंबर ते एप्रिल एवढेच महिने उरतात. हे काही मी मनाने भरलेलं नव्हतं. ज्या टूर कंपनीला फोन केला तिथला मुलगा हेच म्हणाला, जाऊन आलेले मित्रही हेच म्हणाले. ड्राय सीझनमध्ये जा, निळं पाणी, निळं आकाश, पैसे वसूल. आई-बाबांची पहिली परदेशवारी, म्हणून मार्चचा शेवटचा आठवडा नक्की केला आणि शीट बाबांना पाठवून दिली.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मला भीती होती ती दरांची, पण त्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

“कोरडा हंगाम म्हणजे उन्हाळाच की रे. मग पाणी कुठलं पितेत तिथली लोकं?”

“हॉटेलात मिळतं बाबा पाणी.”

“हॉटेलाचं नाही विचारलं मी.”

आम्ही लातूरचे. २०१६च्या मार्चमध्ये आमच्या शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लागलं होतं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली होती, पाच लाख लिटरची. त्या उन्हाळ्यात कुणी पाहुणा येऊन ‘काय सुंदर निरभ्र आकाश आहे तुमच्याकडे’ म्हणाला असता, तर बाबांनी त्याला चहा पाजला असता की नाही याची मला शंका आहे. आणि दहा वर्षांत मी तोच पाहुणा झालो होतो. शीटमधली ‘नाही’ ही नोंद मला वाईट बातमी वाटायला हवी होती. मी तिला हिरवा रंग दिला होता.

तेव्हा माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘जाण्यासाठी उत्तम काळ’ ही ओळ प्रवासाच्या लिखाणातली सगळ्यात आळशी आणि सगळ्यात निर्दय ओळ आहे. ती समुद्राकाठच्या आरामखुर्चीतून लिहिलेली असते आणि खुर्चीमागे राहणाऱ्या माणसांचं वर्ष त्यात कुठेच नसतं. बाकीच्यांचं सोडा, मार्च म्हणजे टँकर हे ज्यांना लहानपणापासून माहीत आहे त्या आपण तरी ही ओळ जशीच्या तशी उचलायला नको होती.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला दोन रात्री लागल्या. मालेला वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या अडीचपट. तरीही त्या देशात एक नदी नाही, एक धरण नाही, कारण पाणी अडवायला डोंगरच नाही. सगळ्यात उंच जागाही समुद्रसपाटीपासून काही मीटरच वर आहे. बेट म्हणजे प्रवाळाची वाळू. पाऊस तिच्यात मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं असतं. मध्ये जाड, कडेला पातळ असा त्याचा आकार, म्हणून त्याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात. उपसा जास्त झाला की खालून खारं पाणी वर चढतं. पाऊस थांबला की भिंग बारीक होतं. शोषखड्ड्यांचं सांडपाणीही त्याच वाळूत उतरतं. २००४च्या डिसेंबरात त्सुनामीने कित्येक बेटांची भिंगं एका सकाळीत खारी करून टाकली. त्यामुळे विहिरीचं पाणी अंघोळीला आणि पत्र्यावरून पन्हळीने टाकीत घेतलेलं पावसाचं पाणी प्यायला, अशी विभागणी बेटांवरच्या घरांत रुळली. ती टाकी भरते मे ते नोव्हेंबरात. आपण जातो ती रिकामी होत असते तेव्हा. जानेवारीत निम्मी, मार्चमध्ये तळाला. मग सरकारी बोट पाणी घेऊन येते. आपला टँकर, फक्त चाकं नसलेला. दर कोरड्या हंगामात अशी बोट पाठवावी लागणाऱ्या ४९ बेटांसाठी ग्रीन क्लायमेट फंडाने २०१५मध्ये आपल्या पहिल्यावहिल्या प्रकल्पांपैकी एक मंजूर केला, यावरून प्रकरण किती जुनं आणि किती नेमाचं आहे ते कळेल.

राजधानीचं वेगळं आहे. माले समुद्राचंच पाणी आरओने गोडं करून पिते. ४ डिसेंबर २०१४ला तिथल्या प्रकल्पात आग लागली आणि लाखभर माणसांचे नळ एकदम कोरडे पडले. भारताने हवाई दलाच्या विमानांनी पाणी पाठवलं, नौदलाच्या ‘सुकन्या’ आणि ‘दीपक’ या जहाजांनी पाठवलं. मार्च २०२४मध्ये चीनने तिबेटातल्या हिमनद्यांचं दीड हजार टन पाणी दिलं. राजकारण त्यात आहेच, पण महिना बघा. मार्च. माझ्या शीटमधला हिरवा महिना.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हा लेख नुसता उपदेश होईल. रिसॉर्टमधला पाहुणा बेटावरच्या माणसाच्या टाकीतलं पाणी पीत नाही. रिसॉर्ट स्वतःच्या वेगळ्या बेटावर असतं, स्वतःचा आरओ चालवतं आणि त्यासाठी मुख्यतः स्वतःचं डिझेल जाळतं. गेल्या काही वर्षांत वस्तीच्या बऱ्याच बेटांवरही सरकारी आरओ बसले आहेत, म्हणजे परिस्थिती सुधारते आहे. ‘तुम्ही गेलात म्हणून ते तहानले’ असं सरळ गणित इथे नाही आणि मी ते मांडणारही नाही. पण समुद्र तर दोघांना सारखाच आहे ना? मग एका बेटावर मार्चमध्ये खासगी तलाव काठोकाठ भरलेला आणि दुसऱ्यावर बोटीची वाट, हे कशामुळे? पाण्यामुळे अर्थातच नाही. खारं पाणी गोडं करायला पैसा लागतो आणि तो पन्नास वर्षं एकाच प्रकारच्या बेटांवर ओतला गेला. पहिलं रिसॉर्ट १९७२चं. स्थानिक लोकांना आपल्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊस काढायची मोकळीक मिळाली ती २००९नंतर. मधली कितीतरी वर्षं परदेशी पाहुणा आणि गावकरी एका बेटावर राहूच नयेत अशीच व्यवस्था होती. ‘उत्तम काळ’ ही भाषा त्या व्यवस्थेतून आली आहे. ज्याला गाव दिसतच नाही, त्याला गावाचा उन्हाळा कुठून दिसणार?

आणि ती भाषा नुसती निर्दयच नाही, चुकीचीही आहे. इंजिनीअर म्हणून मला याचा जास्त राग आला. बारा महिन्यांच्या सरासरीचं हो-नाही करून टाकणं हा डेटाचा खून आहे, आणि तो मी स्वतः केला होता. मालदीवच्या हुळंगुतला, म्हणजे नैर्ऋत्य मोसमातला, कुठलाही महिना घ्या, तो मुंबईच्या जुलैच्या जवळपासही जात नाही. सरी येतात, जातात, मधले दिवस उन्हाचे असतात. दक्षिणेला विषुववृत्ताजवळच्या अड्डूत तर दोन हंगामांतला फरकच फिका पडतो. बा अटोलमधल्या हनीफारूच्या खाडीत मांटा माशांचे थवे जमतात ते हुळंगुतच, साधारण जून ते नोव्हेंबर, कारण तेव्हाचे वारे आणि प्रवाह त्यांचं खाणं तिथे गोळा करून देतात. म्हणजे ज्याला समुद्रातला जीव बघायचा आहे त्याला आपण कोरड्या हंगामात पाठवतो, कारण फोटोत आभाळ निळं यायला हवं.

तिथले लोक स्वतः वर्ष कसं मोजतात हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. हुळंगु म्हणजे पश्चिम. तोच आपला ळ. दुसरा मोसम इरुवै, ईशान्येचा, कोरडा. आणि या दोन्हींचे मिळून सत्तावीस भाग, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा. त्या भागाला म्हणतात नकय. म्हणजे नक्षत्र! नावं वाचा: अस्सिद, बुरुनु, केति, रोनु, मियहेलि, अद, फुनोस, फुस. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. मियहेलि लागतं जूनच्या सुरुवातीला, आपल्या मृगाच्या चार-पाच दिवस आधी. सत्तावीसपैकी अठरा नकय हुळंगुचे आणि नऊच इरुवैचे. कुठल्या नकयात वारा कसा, मासे कुठे, पेरायचं काय, वादळ कधी, हे सगळं त्यात बांधलेलं आहे. माझी आजी ‘मृग कोरडा गेला’ म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात जे असायचं, ते ‘अद कोरडं गेलं’ म्हणणाऱ्या तिथल्या एखाद्या आजीच्या आवाजात असणारच. हे सगळं सपाट करून आपण काय केलं? पीक आणि ऑफ. ज्या अठरा नकयांत पुढच्या वर्षाचं पाणी पडतं, त्यांना ऑफ सीझन.

जानेवारी २०२४मध्ये आपल्याकडे मालदीववर बहिष्काराची लाट आली होती. तिथल्या तीन उपमंत्र्यांच्या वक्तव्यांवरून सुरू झालेलं ते प्रकरण, त्याच्या बऱ्या-वाईटात मी जात नाही. पण तेव्हा ‘मालदीव नको, लक्षद्वीपला चला’ असं छातीठोक सांगणाऱ्यांपैकी कुणी तिथल्या पाण्याबद्दल विचारल्याचं मला आठवत नाही. लक्षद्वीपही प्रवाळाचंच, भिंगही तसंच. कवरत्तीला २००५मध्ये समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला लाखभर लिटर गोडं पाणी काढणारा प्रकल्प का उभारावा लागला असेल? देशभक्तीने पर्यटक हलवता येतात, वाळूखालचं पाणी वाढवता येत नाही.

यावर एक मित्र म्हणाला, “तू अति करतोयस. पर्यटन हाच त्यांचा कणा आहे. तुझ्यासारखे सगळे अपराधी वाटून घरी बसले तर ते खाणार काय?” बरोबर आहे. म्हणूनच मी घरी बसा म्हणत नाही. जा, पण हुळंगुत जा, गेस्टहाऊसात राहा, म्हणजे त्या कण्यावरचा भार चार-पाच महिन्यांत एकवटणार नाही आणि पैसा गावात पडेल. २०२५पासून तिथला हरित कर दुप्पट झाला आहे. रिसॉर्टला माणशी रोज बारा डॉलर, लहान गेस्टहाऊसला सहा. त्यावर कुरकुर करणारे मेसेज मलाही आले. मी तो कर आनंदाने भरीन, फक्त त्यातला किती भाग बेटांवरच्या आरओवर खर्च होतो तेही दराच्या पत्रकात छापा. आणि टूर कंपन्यांनी, प्रवासवर्णनं लिहिणाऱ्यांनी ‘उत्तम काळ’ लिहायचाच असेल तर पुढे ‘कोणासाठी’ ते लिहावं. एक शब्द वाढेल.

आमची तारीख आता ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेली आहे, अहुळिह आणि मा, म्हणजे आश्लेषा आणि मघा, यांच्या सांध्यावर. टूर कंपनीतल्या मुलाने तीनदा विचारलं, “सर, नक्की ना? रेनी आहे.” शीटमधला पावसाचा कॉलम मी काढून टाकला आणि तिथे ‘पाणी कुठून’ असा नवा घातला. पाच गेस्टहाऊसना विचारलं. दोघांनी लगेच सविस्तर उत्तर दिलं, एकाने बाटलीबंद पाणी मोफत असल्याचं कळवलं, दोघांचं अजून यायचं आहे. खरी अडचण वेगळीच निघाली. हुळंगुत समुद्र खवळलेला असतो, फेऱ्या रद्द होतात, शुक्रवारी तर बहुतेक सरकारी फेरीबोटी नसतातच, आणि आईला बोट लागते. गोळ्या घेईन म्हणते. बाबा म्हणतात परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेव. तेवढी रजा माझ्याकडे नाही, त्यावर अजून काही सुचलेलं नाही.