सायकल एक, पाय चार जणांचे

गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एक गृहस्थ आले. वय ५३, राहणार सालवड, नोकरी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, मधुमेह नऊ वर्षांपासून. तक्रार तापाची होती. पायाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी स्टेथोस्कोप लावत असताना मागे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "साहेब, यांच्या पायाला वास येतोय."

चप्पल काढायला लावली. उजव्या पायाच्या करंगळीजवळ, बाहेरच्या कडेला दोन छोटी भोके होती. भोवतीची कातडी काळी-निळी पडलेली, दाबल्यावर पू येत होता. "हे कधी लागलं?" मी विचारलं. त्यांना सांगता येईना. दुखत होतं का? नाही. दोन भोकांमधलं अंतर मात्र अगदी सारखं, मोजून मारल्यासारखं. कुत्रा चावला असेल असं मला आधी वाटलं. उलगडा केला तो दाराशी उभ्या असलेल्या मुलाने. "सर, ते पेडलचं असेल. मीच बदललं होतं."

घरात सायकल एकच, गिअरची, जाड टायरची, ज्याला सगळे माउंटन बाइक म्हणतात ती. पहिल्या पाळीला वडील नेतात, ते आल्यावर मुलगा क्लासला नेतो, धाकटी मुलगी बाजारातलं सामान आणते, आणि आई कधीतरी पास्थळला बहिणीकडे जाते. मुलगा रविवारी मित्रांबरोबर मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीकडे जातो. मातीच्या उतारावर पाय घसरतो म्हणून त्याने मूळचं प्लास्टिकचं पेडल काढून धातूचं, पिना असलेलं रुंद पेडल बसवलं. स्वतःच्या पैशाने, हौसेने आणि त्याच्यापुरतं बोलायचं तर अगदी बरोबर. जाड तळव्याचे बूट घातले की त्या पिना रबरात रुततात आणि पाय हलत नाही. वडील मात्र रबरी चप्पल घालून जात होते. कारखान्याचे सेफ्टी बूट तिथल्या लॉकरमध्ये असतात, ते घालून घरून कोण निघतो? पावसात चप्पल सरकली, पाय खाली गेला, फिरून वर आलेलं पेडल कडेवर बसलं. ज्याच्या पायाला जाणीव आहे तो माणूस तिथेच ओरडला असता. हे गृहस्थ पाळीवर गेले, आठ तास पाण्यात-चिखलात उभे राहिले आणि परत आले.

करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

या घटनेनंतर मी सायकलच्या पेडलकडे डॉक्टर म्हणून बघायला लागलो आणि माझं एक मत बनलं आहे. जी सायकल घरातले अनेक जण चालवतात तिचं पेडल घरातल्या सर्वांत तरबेज चालकाच्या पसंतीने निवडू नये. ज्याचा पाय सर्वांत कच्चा आहे, त्याच्या मापाने निवडावं. कच्चा पाय कधी लहान मुलीचा असतो, कधी गुडघा दुखणाऱ्या आईचा, कधी मधुमेह असलेल्या बापाचा. पटाईत पोराला जरा गैरसोय झाली तरी तो सांभाळून घेतो. बाकीच्यांना सांभाळून घेता येत नाही, त्यांना लागतं.

मधुमेहात नक्की काय होतं ते थोडं सांगायला हवं. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की संवेदना वाहून नेणाऱ्या नसा खराब होतात, आणि ज्या सर्वांत लांब त्या आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. मुंग्या, जळजळ, मग बधिरता. बधिरता आली की त्रास थांबला असं रुग्णाला वाटतं, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा असतो. डोळे मिटायला सांगून तो तळव्याला टेकवतो आणि कळलं का विचारतो. सालवडच्या या गृहस्थांना दोन्ही तळव्यांवर बहुतेक ठिकाणी काही कळलं नाही. अशा माणसाचा पाय पेडलवर आहे की अर्धा बाहेर लोंबतो आहे, हे त्याला पायाने कळतच नाही, खाली बघावं लागतं. बोईसरच्या रस्त्यावर पाळी सुटताना, मागून टँकर येत असताना खाली बघणं कसं परवडेल?

आता उलट्या टोकाचं पेडल. बुटाच्या तळाला धातूचा खटका लावून पेडलमध्ये अडकवायचं, ते क्लिपचं पेडल. १९८५ साली बर्नार इनो या फ्रेंच सायकलपटूने अशी पेडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि शर्यतीच्या जगात ती रूढ झाली. डोंगरी सायकलसाठी शिमानो कंपनीने १९९० मध्ये लहान खटक्याची पद्धत आणली. ज्यांची सायकल स्वतःची एकट्याची आहे, रोज पन्नास-साठ किलोमीटर चालवतात, त्यांना ती खुशाल लखलाभ. मीही चाळिशीत वजन कमी करायच्या नादात ती बसवून घेतली होती. तिसऱ्या दिवशी रेल्वे फाटकापाशी थांबलो, टाच बाहेर वळवून पाय सोडवायचं विसरलो आणि सायकलसकट आडवा झालो. वेग शून्य. मनगट वाचलं, अब्रू गेली. पुढे उभ्या असलेल्या रिक्षातल्या आजीबाईंनी विचारलं, "चक्कर आली का रे बाबा?" मी हो म्हणालो.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट वाटते, पण पसरलेल्या हातावर पडून मनगटाचं हाड मोडलेले रुग्ण आम्ही नेहमी बघतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत ते फार सहज मोडतं. शिवाय हा खटका बुटाला असतो. बूट एकाचा, तर सायकल चौघांची कशी चालणार? बाकीचे तिघे त्या सुपारीएवढ्या धातूवर चप्पल ठेवून पाय मारणार. एका बाजूला खटका, दुसऱ्या बाजूला सपाट, अशी दुहेरी पेडलंही मिळतात आणि दुकानदार ती "सगळ्यांसाठी" म्हणून विकतो. मला ती घरच्या सायकलला अजिबात पसंत नाहीत. पेडल सुटं फिरतं. निघायच्या घाईत नेमकी नको ती बाजू वर येते, आणि नवखा माणूस ती पायाने उलटवत बसतो, तेही भर रहदारीत.

क्लिपचे पाठीराखे सांगतात की त्याने पाय वरही ओढता येतो, म्हणून ताकद वाचते. प्रयोगशाळेत स्थिर वेगाने सायकल चालवणाऱ्यांवर हे मोजून झालं आहे. मुद्दाम वर ओढत चालवलं की ऊर्जा वाचत नाही, उलट स्नायू कमी कार्यक्षमतेने काम करतात. सायकल पुढे जाते ती मुख्यतः खाली दाबल्याने. सालवडहून कुंभवलीपर्यंत जाणाऱ्याला सपाट पेडलने काहीही कमी पडत नाही.

मग कोणतं घ्यावं? रुंद, सपाट, नायलॉनचं, दोन्ही बाजूंनी सारखं. तळवा नीट टेकेल असं, साधारण १० सेंटीमीटर लांबी-रुंदीचं. पकडीसाठी त्यातच ओतलेले बोथट उंचवटे असावेत, वर स्क्रूने बसवलेल्या टोकदार पिना नकोत. डोंगरात उड्या मारणाऱ्या पोरांना पिना लागतात हे मान्य, पण तेसुद्धा नडगीला पट्टे बांधून जातात. काही पेडलांच्या पिना अॅलन चावीने काढता येतात. काढल्यावर उरलेला गुळगुळीत धातू पावसात साबणासारखा होतो, म्हणून तो उपाय मला अर्धवट वाटतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना असायचं ते रबरी ठोकळ्यांचं पेडल अनवाणी पायालासुद्धा सोसायचं. ते ज्याने केलं त्याला घरातल्या सगळ्यांचे पाय ठाऊक असावेत.

चप्पल हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी रुग्णांशी भांडतो. मधुमेह असेल तर सायकलवर अंगठ्याची चप्पल नको. मागे पट्टा असलेली, पुढून बंद सँडल पुरे. रोज संध्याकाळी दिव्याखाली पाय बघावा, तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्या कुणाला तरी दाखवावा. तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर सरकारी उपकेंद्रात फुकट तपासतात. पाळीवर जाणारे लोक "वेळ नाही" म्हणतात आणि मग आमच्याकडे तीन आठवडे खाटेवर राहतात.

पावसाळ्यात आणखी एक भीती असते. नडगीवर पेडल लागून झालेली खरचट आपण जखमेत धरत नाही. त्याच पायाने वसाहतीतल्या तुंबलेल्या पाण्यातून जातो. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतले लेप्टोस्पायराचे जंतू अशाच पाण्यात असतात आणि अशाच खरचटीतून आत शिरतात. साधारण एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल, असं काही झालं तर मेडिकलमधून गोळी घेऊन कामावर जाऊ नये. डॉक्टरला "पाण्यातून गेलो होतो, पायाला लागलं होतं" ही दोन वाक्यं न विचारता सांगावीत. वेळेत प्रतिजैविक सुरू झालं तर हा आजार बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड आणि फुप्फुस धरतो. जखम साबण-पाण्याने धुवावी, झाकावी, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवावं. हळद-चुना लावून येऊ नका, आम्हाला तो आधी काढावा लागतो.

सगळ्यांच्या सायकलची दुसरी अडचण सीटची. पेडल सगळ्यांना तेच, पाय मात्र वेगवेगळ्या लांबीचे. मुलीच्या मापाने खाली केलेल्या सीटवर बाप पाळीला जातो, प्रत्येक फेरीत गुडघा नको तितका वाकतो, आणि वाटीच्या मागे दाब येऊन गुडघा पुढून दुखायला लागतो. सीट फार उंच असेल तर दुखणं गुडघ्याच्या मागे येतं आणि कंबर दोन्हीकडे डुलते. माप सोपं आहे. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात आपोआप योग्य तेवढा बाक राहतो. ज्यांची टाच किंवा पोटरी दुखते त्यांनी सपाट पेडलवर पाय थोडा पुढे सरकवून मधल्या भागाने दाबावं, पोटरीवरचा ताण कमी होतो. क्लिपच्या पेडलवर अशी सूट नसते, एकदा लावलेला खटका जिथे आहे तिथेच. सालवडच्या त्या घरात मी सुचवलं की सीटच्या दांड्यावर प्रत्येकाची खूण करा. मुलीने तिच्या नेलपॉलिशने केली. लाल आईची, गुलाबी तिची. बापाच्या आणि भावाच्या खुणेसाठी इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी वापरली, कारण भावाने नेलपॉलिशला नकार दिला.

पेडल बदलणार असाल तर दोन गोष्टी बघून घ्या. मूळच्या पेडलला पिवळे रिफ्लेक्टर असतात, नव्या फॅशनच्या पेडलांना बहुधा नसतात. पायाबरोबर वर-खाली होणारा तो ठिपका मागच्या ड्रायव्हरला लांबून सांगतो की पुढे माणूस सायकल मारतो आहे. रात्रपाळी असलेल्या घरात तो घालवू नये, नव्या पेडलवर बसत नसेल तर घोट्याला चमकणारी पट्टी बांधावी. दुसरं म्हणजे आटे. गिअरच्या सायकलला ९/१६ इंचाचे असतात, लहान मुलांच्या काही सायकलींना अर्धा इंच. आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. १५ नंबरचा पाना घेऊन ते सोडवताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावं लागतं. हे माहीत नसल्याने त्या मुलाने आधी डावं पेडल जोर लावून आणखीच घट्ट केलं होतं. परवा तो वडिलांना ड्रेसिंगला घेऊन आला तेव्हा नायलॉनची नवी जोडी बसवून झाली होती. धातूची पेडलं त्याने पिशवीत घालून माळ्यावर ठेवली आहेत, स्वतःची सायकल होईल तेव्हासाठी. वडिलांनी मला पायातली नवी सँडल दाखवली आणि विचारलं की कामावर कधीपासून जाऊ. मी जखम पाहिली आणि आणखी दहा दिवस सांगितले.